भावाने ‘मी नसलो तर बरं होईल’ म्हटलं, तर आज रात्री काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई पुण्यात नोकरीला आहेत, माहेर सोलापूर. धाकटा भाऊ १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पंधरा दिवसांपूर्वी वडिलांनी त्याचा मोबाइल उघडला आणि एका मुलाशी केलेलं चॅट त्यांना सापडलं. मारहाण झाली, फोन काढून घेतला, कॉलेज बंद केलं. मामा म्हणतात, देवऋषीकडे नेऊ, नाहीतर लग्न लावून देऊ, आपोआप ताळ्यावर येईल. परवा रात्री आईच्या फोनवरून भावाचा मेसेज आला, ‘मी नसलो तर सगळ्यांचंच बरं होईल.’ ताई उत्तर लिहीपर्यंत त्याने तो काढूनही टाकला. ताई विचारतात: मी हा विषय काढला तर नसतं काही त्याच्या डोक्यात भरेल का? कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं? पोलिसांचं लफडं होतं का? आणि आईला किती सांगायचं?

ताई, मेसेज परवाचा आहे. म्हणून हे सगळं एका बैठकीत वाचून काढू नका. पुढचे तीन परिच्छेद वाचा, आईच्या फोनवर फोन लावा, त्याच्याशी बोला, मग उरलेलं वाचा.

त्याला थेट विचारा. ‘तुझ्या मनात आत्महत्येचा विचार येतोय का?’ याच शब्दांत. ‘काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ असं विचारू नका; त्या प्रश्नातच ‘नाही म्हण’ अशी विनवणी असते आणि आपली पोरं आज्ञाधारक, ती ‘नाही’ म्हणतात. विचारल्यामुळे विचार डोक्यात शिरतो ही भीती तुम्हालाच नाही, आमच्या समुपदेशनाच्या क्षेत्रात नव्याने आलेल्यांनाही असते. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांहून जास्त मुलांवर हेच तपासलं गेलं आणि २००५ साली ते प्रसिद्ध झालं. ज्यांना आत्महत्येबद्दल विचारलं, ती मुलं न विचारलेल्यांपेक्षा जास्त अस्वस्थ झाली नाहीत. ज्यांना आधीपासून त्रास होता, त्यांना विचारल्यावर उलट थोडं हलकं वाटलं. माझा अनुभवही तोच. प्रश्न विचारल्यावर बहुतेक पोरं आधी गप्प होतात आणि मग लांब श्वास सोडतात.

‘हो’ म्हणाला तर घाबरून ‘असं बोलायचं नाही हं, आईची शपथ आहे तुला’ असं करू नका. ‘बरं झालं सांगितलंस’ एवढंच म्हणा. मग विचारा: काय करायचं, कधी करायचं, असं काही ठरवलं आहेस का? ठरवलं असेल, किंवा बोलताना तो अचानक शांत, सगळं आवरून ठेवल्यासारखा वाटला, तर आज रात्री त्याला एकटं ठेवायचं नाही. कुणीतरी मोठं माणूस खोलीत झोपेल. आणि सकाळपर्यंत थांबण्यासारखी स्थिती वाटत नसेल तर सरळ सिव्हिल. आपलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाचंच आहे, तिथे अपघात विभाग रात्रभर सुरू असतो आणि मानसोपचार विभागही आहे. गाडी मिळत नसेल, कुणी आवरायला नसेल तर ११२.

नुसतं बोलायचं असेल, काय करावं सुचत नसेल, तर १४४१६. ही टेली-मानस, केंद्र सरकारची मोफत सेवा, २०२२ पासून दिवसरात्र सुरू आहे. मराठीत बोलता येतं, तेलुगू आणि कन्नडमध्येही. सोलापुरात हे मी मुद्दाम सांगते, कारण पूर्वभागातल्या कितीतरी घरांत पोरगं मराठीत शिकतं पण रडतं तेलुगूत. तुम्ही स्वतःसुद्धा तिथे फोन करू शकता, ‘माझ्या भावाचं असं झालंय’ म्हणून. एक सूचना: इंटरनेटवर शोधलंत की ट्रेव्हर प्रोजेक्टचं नाव वर येतं. १९९८ साली खास अशाच तरुणांसाठी सुरू झालेली ती अमेरिकेतली संस्था, काम फार चांगलं आहे, वाचायला जरूर वाचा. पण रात्री दोन वाजता सोलापुरातून तिथे फोन लावण्यात वेळ घालवू नका.

लावलात फोन? मग आता पुढचं.

आधी आईचं. आईला आज ‘समलिंगी म्हणजे काय’ हे समजावत बसू नका. आज तिच्याकडून दोनच कामं हवीत. एक, त्याच्या जवळ असणं. दोन, घरातली औषधं, कीटकनाशकं, जिवाला धोक्याचं जे जे म्हणून आहे ते कुलपात टाकणं किंवा काही आठवडे शेजारी नेऊन ठेवणं. हे ऐकायला फार किरकोळ वाटतं, ‘ज्याला करायचं तो करतोच’ असंही कुणीतरी म्हणेल. चूक आहे ते. टोकाची ऊर्मी बहुतेकदा काही मिनिटांची, फार तर काही तासांची असते, आणि त्या वेळात हाताशी काही नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. लोकांची दुःखं त्या वीस वर्षांत संपली नव्हती.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. तुमचा भाऊ कुणावर प्रेम करतो ही माहिती त्याची आहे. ती तुमची नाही, आईची नाही, माझी तर नाहीच. त्याला वाचवण्यासाठी ती आणखी कुणाला सांगावी लागत नाही, आणि सांगितली तर वाचवणं अवघड होतं. मुंबईत पोरगं घरातून बाहेर पडलं की गर्दीत मिसळतं. सोलापूर दहा-अकरा लाखांचं शहर असलं तरी गाव आहे. सात रस्त्यावर शिंकलं की जुळे सोलापुरात ‘सर्दी झाली का’ विचारतात. इथल्या पोरांना ‘मी असा आहे’ यापेक्षा ‘हे कळलं तर’ याची भीती जास्त असते, आणि बऱ्याचदा आत्महत्येचा विचार त्या ‘कळलं तर’ला चिकटून येतो. त्यामुळे मदत मिळवताना जितक्या लोकांना कळेल तितकी ती भीती खरी ठरत जाते.

हे मी चूक करून शिकले आहे. काम सुरू करून तीन-चार वर्षं झाली असतील. एक बारावीतला मुलगा यायचा, तपशील बदलून सांगते. त्याची आई इतकी प्रेमळ, इतकी काळजीत, की मला वाटलं हिला सांगितलं तर हीच त्याचा मोठा आधार होईल. त्याला न विचारता मी तिला सूचित केलं. सांगितलंही नाही नीट, नुसतं ‘त्याची आवड वेगळी असू शकते, समजून घ्या’ असं. ती समजूनच घेत होती बिचारी. त्याच संध्याकाळी तिने त्याला कुशीत घेऊन म्हटलं, ‘मॅडमनी सांगितलंय मला, तू काळजी करू नको.’ पोरगा माझ्याकडे परत आला नाही. पुढचे सात महिने तो आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. सकाळी पेपर उघडताना हात थांबायचा. तो नंतर आला, पुण्याला नोकरी लागल्यावर, मला हेच सांगायला की ‘मॅडम, आईला मीच सांगणार होतो की. माझी ती एकच गोष्ट होती सांगायची.’

तुमच्या घरात चॅट सापडल्यामुळे वडिलांना, मामांना कळलंच आहे. तरीही कोण कुणाला सांगतंय याची साखळी आज थांबवा. आणि त्याला विचारा, ‘आईला काय माहीत असावं असं तुला वाटतं?’ हा प्रश्न त्याला या पंधरा दिवसांत कुणी विचारलेला नसेल.

डॉक्टरांचं सांगते. समलैंगिकता हा आजार नाही, म्हणून तिच्यावर उपचार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीतून ती १९९० साली काढली. भारतीय मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हेच जाहीरपणे सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे ‘बदलून देतो’ या नावाखाली होणारे औषधांचे, शॉकचे, संमोहनाचे प्रकार, हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा कुणी ‘सहा सिटिंगमध्ये नॉर्मल करतो’ म्हणालं तर तिथून उठा, फीसुद्धा द्यायची गरज नाही.

पण झोप उडणं, जेवण तुटणं, सतत रडू येणं, मरावंसं वाटणं, यांवर उपचार आहेत आणि ते आजच हवेत. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचंच, फक्त कारण बरोबर सांगून. आधी तुम्ही एकट्या फोन करून तीन गोष्टी विचारा. मुलाला एकट्याला आत भेटाल ना? त्याने सांगितलेलं घरच्यांना त्याच्या परवानगीशिवाय सांगणार नाही ना? आणि समलिंगी तरुणांसोबत तुम्ही काम केलंय का? तिसऱ्या प्रश्नावर पलीकडे जी शांतता येते तिच्यावरून बरंच कळतं. ‘आधी बघू खरंच आहे का ते’ असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. एका दवाखान्यात, नाव घेत नाही, माझ्याकडच्या एका मुलीला केसपेपर काढतानाच काउंटरवरून मोठ्याने विचारलं गेलं, ‘मुलींचा प्रॉब्लेम आहे म्हणजे नक्की काय?’ मागे रांगेत तिच्या गल्लीतल्या दोन बायका होत्या. म्हणून केसपेपरला ‘झोप लागत नाही’ सांगा. खोटं नाहीये ते.

तुमचा भाऊ १९ वर्षांचा म्हणजे सज्ञान आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, आणि गोपनीयतेचाही. तिला अपवाद आहेत, जीव धोक्यात असेल तेव्हाचा त्यातला मुख्य. हे त्याला कुणीतरी आधीच सांगावं, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटत नाही. मी पहिल्या भेटीत सांगते: ‘इथलं इथेच राहील. फक्त आज रात्री तू राहणार नाहीस असं मला वाटलं तर मी तुझ्या एका माणसाला फोन करेन. तो माणूस कोण, ते तू सांगायचं.’ जवळपास सगळे एक नाव देतात. कधी आत्या, कधी मित्र, एकदा तर मेसवाल्या काकू. तुमच्या भावाने ज्या माणसाला परवा मेसेज पाठवला, ते नाव मला माहीत आहे.

आता तो कागद, ज्याला आम्ही सुरक्षा आराखडा म्हणतो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेली ही पद्धत. अपघात विभागातून परत जाणाऱ्या रुग्णांना हा कागद करून दिला आणि नंतर फोनवरून पाठपुरावा ठेवला, तर पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वागणं सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसलं, असं २०१८ च्या त्यांच्या अभ्यासात आलं. ‘मी काही करणार नाही’ असं लिहून, सही करून घेण्याचा जो प्रकार अजून काही ठिकाणी चालतो, त्याच्याशी याची गल्लत करू नका. ते वचनपत्र आपल्या समाधानासाठी असतं. हा कागद त्याच्या उपयोगाचा असतो.

एका मुलाचा कागद मला पाठ आहे. बहिणीचं लग्न तोंडावर होतं, म्हणून उरलेल्या लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या मागे आम्ही तो लिहिला, पुढे कुंकवाची बोटं आणि गणपती. त्याच्याच अक्षरात, त्याच्याच शब्दांत. सगळ्यात वर ‘कधी’: रात्री अकरानंतर, सगळे झोपले की, छातीत माग सुरू झाल्यासारखं खटखट. त्याचे वडील यंत्रमागावर, त्यामुळे उपमा घरचीच. खाली ‘एकट्याने काय करता येईल’: थंड पाण्याने तोंड धुणं, गच्चीत नाही, अंगणात बसणं. गच्ची त्याने स्वतःच खोडली होती. मग ‘कुठे, कुणात’: आजीच्या खोलीत टीव्ही बघत पडणं, सकाळ असेल तर कंबर तलावाला एक चक्कर. ‘आजीला काही सांगायचं नाही, ती नुसती घोरते, पण बरं वाटतं.’ मग ‘कुणाला सांगायचं’: चुलतभाऊ. पण सांगायचं कसं? ‘मला मरावंसं वाटतंय’ असं टाइप होत नाही त्या वेळी. म्हणून ठरलं, नुसतं एक टिंब पाठवायचं. टिंब आलं की चुलतभावाने काहीही न विचारता फोन लावायचा आणि क्रिकेटवर बोलायचं, पोरगा स्वतःहून बोलेपर्यंत. त्याखाली माझा नंबर, सिव्हिल, १४४१६. आणि सगळ्यात शेवटी, घरातलं काय काय आणि कोण उचलून ठेवणार, ते. त्या वर्षी चार वेळा टिंब आलं. चौथ्यांदा चुलतभाऊ गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत उभा होता. रांग सोडून होम मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन पाऊण तास विराट कोहलीवर बोलला.

तुमच्या भावासोबत असा कागद समुपदेशकच करेल असं नाही. तुम्ही फोनवरूनही सुरुवात करू शकता. टिंब तुम्हाला येऊ दे. पण त्यासाठी त्याच्या हातात फोन हवा, आणि म्हणून वडिलांशी बोलायला लागेल.

वडिलांना मी राक्षस समजत नाही. मारलं ते चूकच, त्यात दुमत नाही, पण हा माणूस घाबरलेला आहे. भाऊबंद, धंद्यातली उधारी, उद्या तुमचं लग्न व्हायचं असेल तर तेही, हे सगळं त्याला एका रात्रीत कोसळताना दिसलंय. त्याला आज मतपरिवर्तन मागू नका. मागाल तर तो वाद जिंकायला उभा राहील. एवढंच म्हणा: ‘बाबा, तुम्हाला हे पटतंय का असं मी विचारतच नाही. डॉक्टर म्हणतात त्याच्या जिवाला धोका आहे. पुढचे तीन महिने हात उचलायचा नाही, टोमणा मारायचा नाही, आणखी कुणाला सांगायचं नाही. फोन परत द्यायचा आणि कॉलेज सुरू करायचं.’ यापैकी फोनवर ते अडतील. त्यांना सांगा की फोन चैनीचा नाही, रात्रीचा दिवा आहे.

हे तीन महिने मी उगाच म्हणत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत केटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं की ज्या समलिंगी तरुणांना किशोरवयात घरच्यांनी खूप झिडकारलं होतं, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, ज्यांना फारसं झिडकारलं नव्हतं त्यांच्यापेक्षा ८.४ पट होतं. तुलना ‘डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या’ घरांशी नाही, जरा कमी झिडकारणाऱ्या घरांशी आहे. म्हणजे बापाने नुसतं गप्प राहणं शिकलं तरी फरक पडतो. आणि ट्रेव्हर प्रोजेक्टच्या २०१९ च्या पाहणीत असं दिसलं की स्वीकारणारं किमान एक मोठं माणूस ज्यांच्या आयुष्यात आहे, त्यांच्यात गेल्या वर्षभरात प्रयत्न केल्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होतं. आकडे अमेरिकेतले आहेत. इथले मागाल तर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या तक्त्यात २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या आहेत, त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. कारणांच्या रकान्यात ‘कौटुंबिक समस्या’ असते, ‘प्रेमप्रकरण’ असतं. आपल्या मुलांपैकी कितीजण त्या ‘कौटुंबिक समस्ये’त मोजले गेले, ते त्या तक्त्यावरून कळायला मार्ग नाही.

मामांचं काम सोपं आहे. १९ वर्षांच्या मुलाचं लग्न हा बालविवाह आहे. बालविवाह प्रतिबंधक कायद्यात मुलाचं वय २१ पूर्ण लागतं. लावून देणारे, त्यात पुढाकार घेणारे, सगळे आरोपी होतात. हे मामांना ऐकवा, यात समलैंगिकतेचा उल्लेखसुद्धा करावा लागत नाही. देवऋषीचं म्हणाल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवतो म्हणून मारणं, बांधणं, चटके देणं हा त्यात गुन्हा आहे. आणि दोन वर्षांनी, २१ पूर्ण झाल्यावर मामा पुन्हा स्थळ घेऊन येतील, तेव्हा त्या मुलीचा विचार करा असं सांगा. माझ्याकडे असे नवरे कमी येतात, अशा बायका जास्त येतात.

इथे एक गोष्ट मला राहवत नाही म्हणून लिहिते. आपल्या दारात यल्लम्माचे जोगते पिढ्यान्‌पिढ्या येतात. त्यांच्या परडीत आपण जोगवा घालतो, आजी पदर पसरून पाया पडते. तुमचा भाऊ जोगता नाही, तृतीयपंथीही नाही. मुलगा असणं आणि मुलावर प्रेम असणं ही वेगळी गोष्ट, आणि ‘मी मुलगा नाहीच’ असं आतून वाटणं ही वेगळी. पण साडी नेसलेला पुरुष बघून हात जोडणारं हे गाव, वर्गातला एखादा पोरगा जरा हात हलवून बोलला की त्याला ‘बायल्या’ म्हणून बारावीपर्यंत पिडतं. त्या पोरांची पहिली जखम बहुतेकदा शाळेतली असते, घरातली नंतरची.

पोलिसांचं. समलिंगी असणं हा गुन्हा नाही, सज्ञान माणसांमधले संमतीचे संबंधही नाहीत. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात हे स्पष्ट केलं. आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून शिक्षेची भीतीही उरलेली नाही. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत तसं ठेवलेलंच नाही. दवाखाना पोलिसांना कळवतो, जबाब होतो, हे मात्र होतं. त्या जबाबात कुणावर प्रेम आहे हे सांगायची सक्ती कुणावर नाही. पण डॉक्टरांपासून काय झालं ते लपवू नका. केसच्या भीतीने ‘चुकून झालं’ म्हणून आणलेले रुग्ण मी पाहिलेत. त्या ‘चुकून’मध्ये उपचाराचे तास जातात आणि नंतरची मानसोपचाराची भेट तर होतच नाही.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही पण मी विचारेन. चॅट वडिलांना नुसतं सापडलं, की कुणी दाखवलं? डेटिंग ॲपवर ओळख करून, फोटो-व्हिडिओ मिळवून ‘घरी पाठवतो’ म्हणून पैसे उकळणारे आपल्याकडेही आहेत. भावाला हळूच विचारा की कुणी धमकी देतंय का. देत असेल तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या नंबरवर कळवायचं. काही पोरांची आत्महत्येची घाई घरच्या रागामुळे नसते, उद्या संध्याकाळी पाचच्या मुदतीमुळे असते. ती मुदत काढून घेतली की पोरगं जेवतं. तो मुलगा, ज्याच्याशी चॅट होतं, त्याचाही विचार असू द्या. तोही कुठल्यातरी घरात आज एकटा बसला असेल.

आपल्यासारखे आणखी आहेत हे त्याला प्रत्यक्ष कळणं फार मोठं औषध आहे. पुण्यात २००२ पासून समपथिक ट्रस्ट आहे, बिंदुमाधव खिरे यांनी सुरू केलेला, आणि त्यांचं लेखन मराठीत आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून. तुम्ही पुण्यात आहात, हा त्याच्या नशिबाचा भाग. पण घाईने त्याला उचलून पुण्याला नेऊ नका. या आठवड्यात तुम्ही इकडे या. संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरलीत तर रात्री घरी पोचाल. आधी त्याच्याच घरात त्याच्या बाजूला बसलेलं कुणी त्याला दिसू दे. पुण्याचं तो स्वतः ठरवेल, परीक्षा झाल्यावर, जाणं-येणं ठेवून. ‘पळवून नेलं’ असं झालं की परतीचं दार वडील बंद करतात आणि पोरगं दोन्हीकडून तुटतं.

एक धोका शेवटी राहतो आणि तो चांगल्या दिवसांत असतो. पंधरा-वीस दिवसांत सगळं निवळल्यासारखं होईल. तो जेवेल, हसेल, वडील एखादा शब्द बोलतील, तुम्ही कामात बुडाल. संकट ओसरल्यावरचे, विशेषतः दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार जपायचे असतात, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांचे फोन बंद होतात. सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी पुढचे उपचार नाकारलेल्या रुग्णांपैकी काहींना काही वर्षं अधूनमधून पत्रं पाठवली. दोन-तीन ओळी: आठवण आली, बरे असाल, वाटलं तर लिहा. सल्ला नाही, अपॉइंटमेंटची आठवण नाही. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या कमी झाल्या.

तुम्हीही तेच करा. रोज एक ओळ. उत्तर आलं नाही तरी दुसऱ्या दिवशी पुढची, ‘का रे उत्तर देत नाहीस’ न म्हणता. पहिली आज आईच्या फोनवरच जाईल, तर आईनेही वाचली तरी चालेल अशी लिहा. मी येतेय, शेंगाचटणी संपली आहे माझ्याकडची, आणून ठेवशील का, असं काहीतरी.